फुगलेली शीर आणि सलाईनचा निर्णय

अतिदक्षता विभागात रक्तदाब घसरला की पहिला हात सलाईनकडे जातो. पाय सुजलेले आणि मानेची शीर टरारलेली दिसली की लघवी वाढवणाऱ्या इंजेक्शनकडे. चुलीच्या नाहीतर विडीच्या धुराने वर्षानुवर्षं फुप्फुसं झिजलेल्या सीओपीडीच्या रुग्णात या दोन्ही खुणा चकवतात. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांमधला दाब चढलेला असला, की त्याविरुद्ध रक्त ढकलताना हृदयाची उजवी बाजू थकते आणि रक्त मागे तुंबतं. शीर फुगते ती या तुंबण्यामुळे. पुढे धमन्यांत रक्त अपुरंच असू शकतं. रक्तदाब घसरण्याचं कारणही कधी वेगळंच निघतं. अरुंद झालेल्या श्वासनलिकांतून हवा बाहेर पडायला वेळ लागतो. तेवढ्यात व्हेंटिलेटरने पुढचा श्वास दिला, तर हवा आत साठत जाते, छातीतला दाब वाढतो आणि हृदयाकडे परतणारं रक्त अडतं. तिथे खरा इलाज श्वासांची गती कमी करण्याचा. प्रसंगी नळी व्हेंटिलेटरपासून क्षणभर सोडवून छाती रिकामी होऊ देण्याचा.

म्हणून ‘शरीरात पाणी किती’ याऐवजी ‘आत्ता पाणी दिलं तर हृदय ते पुढे ढकलेल का’ असं विचारावं, हे माझं ठाम मत आहे. शिरेतल्या दाबाचा आकडा याचं उत्तर जवळजवळ देतच नाही, हे अतिदक्षता तज्ज्ञ पॉल मॅरिक आणि सहकाऱ्यांनी 2008 साली जुन्या अभ्यासांची छाननी करून दाखवलं. त्यापेक्षा खाटेचा डोक्याकडचा भाग सपाट करून पाय 45 अंश उचलावेत. पायांतलं सुमारे 300 मिली रक्त हृदयाकडे येतं. मिनिटभरात हृदयाचं काम वाढलं तर सलाईनचा उपयोग होण्याची शक्यता मोठी. पाय खाली घेतले की रक्त परत जातं.

‘अर्धा लिटर देऊन पाहिलं तर काय बिघडतं?’ हा आक्षेप नेहमीचा. पण दिलेलं सलाईन परत काढून घेता येत नाही. 2006 साली फुप्फुसांना तीव्र इजा झालेल्या 1000 रुग्णांवरच्या अमेरिकेतल्या अभ्यासात द्रव हात राखून दिल्याने मृत्यूंत लक्षणीय फरक पडला नाही, पण व्हेंटिलेटर लवकर सुटला. लहान रुग्णालयात हृदयाचं काम मोजायचं यंत्र नसेल, ही अडचण मात्र खरी आहे. तिथे बोटाचं पेर 10 सेकंद दाबून सोडावं. पांढरी पडलेली त्वचा पुन्हा गुलाबी व्हायला 3 सेकंदांहून जास्त वेळ लागत असेल, तर रक्त टोकापर्यंत नीट पोचत नाही, आणि पाय उचलल्यावर तो वेळ घटतो का, एवढं तरी सलाईनची बाटली टांगण्याआधी पाहता येतं.