पिकाचे छायाचित्र व मोबाइलचा कॅमेरा : मेगापिक्सेलच्या आकड्यास किती महत्त्व द्यावे?

पिकावर कीड अगर रोग दिसून आला म्हणजे पूर्वी शेतकरी रोगट पान कागदात गुंडाळून कृषी कचेरीत आणीत असे. पान वाटेतच कोमेजून जाई, त्यावरील बारीक किडे उडून जात आणि निदान करणाऱ्यास पुष्कळदा अंदाजावर भागवावे लागे. आता हे काम मोबाइल फोनवरील छायाचित्राने होऊ लागले आहे. मुंबई उपनगर जिल्ह्यातील अंधेरी, बोरिवली व कुर्ला या तिन्ही तालुक्यांत शेतजमीन थोडी उरली आहे. तथापि गोराई व मनोरी येथील भाजीपाल्याचे मळे, आरे वसाहतीतील पाड्यांवरील भातखाचरे व परसबागा, तसेच मुलुंड-घाटकोपरकडील गच्चीवरच्या कुंड्या यांची निगा राखणारे लोक पानाचे चित्र काढून सल्ला विचारतात. खाडी ओलांडून कचेरीत येण्याचा त्यांचा वेळ त्यामुळे वाचतो.

परंतु अस्पष्ट छायाचित्र हे कोमेजलेल्या पानापेक्षाही अधिक फसवे असते. मिरचीचेच उदाहरण घेऊ. मिरचीची पाने आकसली म्हणजे शेतकरी त्यास चुरडामुरडा अगर बोकड्या म्हणतात. फुलकिड्यांच्या उपद्रवाने पानांच्या कडा वर वळतात व पान होडीसारखे दिसते. कोळी या अष्टपाद किडीच्या उपद्रवाने कडा खाली वळतात व पान उपड्या होडीसारखे दिसते. पांढऱ्या माशीमार्फत पसरणाऱ्या विषाणूनेही पाने गोळा होतात. फुलकिड्यांवरील पुष्कळशी औषधे कोळ्यांवर चालत नाहीत, आणि विषाणूवर तर औषधच नाही. चित्रात पानाची कड कोणत्या बाजूस वळली आहे एवढे जरी स्पष्ट दिसले नाही, तरी औषधाचा व मजुरीचा खर्च वाया जातो आणि कीड मात्र वाढतच राहते.

असे झाले की "माझा फोन हलका आहे, अधिक मेगापिक्सेलचा फोन घ्यावयास हवा," असे शेतकरी म्हणतो. स्टेशनबाहेरच्या दुकानांतही पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असतात ते मेगापिक्सेलचेच आकडे. ही समजूत कितपत बरोबर आहे याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मेगापिक्सेल म्हणजे काय?

घरापुढे ठिपक्यांची रांगोळी काढतात. ठिपके थोडे असले तर फूल ओबडधोबड येते. ठिपके अधिक व जवळजवळ असले तर नक्षी बारीक येते. फोनमधील छायाचित्रही अशाच ठिपक्यांचे बनलेले असते. प्रत्येक ठिपक्यास पिक्सेल म्हणतात व दहा लाख पिक्सेलचा एक मेगापिक्सेल होतो. चित्राच्या लांबीत ४,००० व रुंदीत ३,००० ठिपके असल्यास एकूण १,२०,००,००० ठिपके, म्हणजे १२ मेगापिक्सेल होतात. १९७५ साली अमेरिकेतील कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने बनविलेल्या आद्य डिजिटल कॅमेऱ्याच्या चित्रात अवघे १०,००० ठिपके होते. त्या मानाने आजचा साधा फोनही फारच पुढे गेला आहे.

येथे एक हिशेब ध्यानात ठेवावा. ठिपके लांबीत व रुंदीत असे दोन्हींकडे वाटले जातात. म्हणून चित्रातील बारकावा दुप्पट व्हावयास मेगापिक्सेल चौपट व्हावे लागतात. १२ चे ५० मेगापिक्सेल झाले तरी बारकावा फार तर दुप्पट होतो, चौपट होत नाही. आणि तोही पुरेसा प्रकाश व उत्तम भिंग असेल तरच.

वाट्या आणि घमेली

ठिपक्यांची संख्या वाढली म्हणजे काय होते, हे पावसाच्या उदाहरणाने समजेल. एकाच अंगणात बारा घमेली मांडली अथवा त्याच जागेत पन्नास वाट्या मांडल्या, तरी अंगणात पडणारा पाऊस तेवढाच असतो. मुसळधार पावसात वाट्याही भरतात. पण भुरभुर पावसात वाटीत चार थेंब पडतात आणि कोणत्या वाटीत किती पाणी आले हे नीट सांगता येत नाही. फोनमधील प्रकाशग्राही पट्टी, जिला सेन्सर म्हणतात, ती म्हणजे हे अंगण होय, व प्रकाश हा पाऊस होय. स्वस्त फोनमध्ये ही पट्टी लहान असते. तिच्यावर ५० मेगापिक्सेल बसविले म्हणजे एकेका ठिपक्याची रुंदी एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी होते. भर दिवसा त्याचे चित्र चांगले येते. सायंकाळी अगर दाट वेलीखाली मात्र चित्रात वाळूसारखे कण उमटतात.

ही अडचण कारखानदारांस ठाऊक आहे. म्हणून ५० मेगापिक्सेलचे बहुतेक फोन नेहमीच्या वापरात शेजारचे चार ठिपके एकत्र करून, म्हणजे चार वाट्यांतील पाणी एका घमेल्यात ओतून, सुमारे साडेबारा मेगापिक्सेलचेच चित्र देतात. १०८ मेगापिक्सेलच्या फोनमध्ये बहुधा नऊ ठिपक्यांचा एक ठिपका करतात. तेथेही हाती येतात ते बाराच मेगापिक्सेल. यावरून पाटीवरील आकडा व प्रत्यक्ष हाती येणारे चित्र यांत किती अंतर असते हे कळून येईल.

चित्र पाठविताना होणारी घट

चित्र व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठविले असता जलद पोहोचावे म्हणून ते आपोआप लहान केले जाते, व त्याच्या लांबीत साधारणपणे १,६०० ठिपके शिल्लक राहतात. म्हणजे ५० मेगापिक्सेलचे चित्र असो वा १२ चे, सल्ला देणाऱ्याच्या हाती दोन मेगापिक्सेलच्या आसपासचेच चित्र पडते! जादा दिलेले पैसे असे वाटेतच गळून जातात.

यावर उपाय सोपा आहे व त्यास खर्च नाही. ऑगस्ट २०२३ पासून व्हॉट्सॲपवर चित्र पाठविताना "एचडी" अशी निवड करण्याची सोय झाली आहे; ती वापरावी. त्याहून उत्तम म्हणजे चित्र "डॉक्युमेंट" म्हणून पाठवावे. तसे केल्यास त्यातील एकही ठिपका कमी होत नाही.

जवळ जाणे हाच खरा उपाय

फुलकिडा सुमारे एक मिलिमीटर लांबीचा असतो. एक मीटर उंचीचे संपूर्ण झाड १२ मेगापिक्सेलच्या चित्रात बसविले तर एका मिलिमीटरच्या वाट्यास ४ ठिपके येतात. नेहमीच्या पद्धतीने पाठविल्यावर त्यांतील दीडच उरतो. दीड ठिपक्यात किडा दिसणे शक्य नाही.

आता तोच फोन पानापासून सुमारे १५ सेंटिमीटरवर, म्हणजे वितीहून थोड्या कमी अंतरावर धरावा. चित्राच्या लांबीत साधारण २० सेंटिमीटर जागा मावते व एका मिलिमीटरच्या वाट्यास २० ठिपके येतात. पाठविल्यानंतरही ८ उरतात. केवळ दोन पावले पुढे गेल्याने बारकावा पाचपट झाला. एवढाच बारकावा दुरून मिळवावयाचा तर मेगापिक्सेल पंचवीसपट करावे लागतील! बोटांनी चित्र मोठे करून, म्हणजे झूम करून, हा लाभ होत नाही. साध्या फोनमध्ये झूम म्हणजे चित्राच्या कडा कापून उरलेला भाग ताणणे होय. शेतात आपले पाय हेच उत्तम झूम आहेत.

मात्र अतिशय जवळही जाऊ नये. बहुतेक फोनच्या मुख्य कॅमेऱ्यास सुमारे १० सेंटिमीटरच्या आतील वस्तू स्पष्ट दिसत नाही. जवळच्या चित्रासाठी म्हणून दिलेला दोन मेगापिक्सेलचा वेगळा कॅमेरा अनेक स्वस्त फोनांत असतो. त्यापेक्षा मुख्य कॅमेराच १५ सेंटिमीटरवरून वापरणे श्रेयस्कर.

प्रकाश आणि रंग

गोरेगावची दादासाहेब फाळके चित्रनगरी आरे वसाहतीला लागूनच आहे. तेथे उत्तमोत्तम कॅमेरे असूनही चित्रीकरणासाठी दिवे मांडावे लागतात व अंधाऱ्या बाजूस उजेड परतविण्यासाठी पांढरे फलक धरावे लागतात. यातील बोध शेतकऱ्यानेही घ्यावा. सकाळचा मोकळा उजेड छायाचित्रास उत्तम होय. भर दुपारच्या उन्हात पान चकाकते व डाग पुसट होतात. अशा वेळी पानावर आपल्या अंगाची सावली पाडावी. पानाची खालची बाजू काळवंडत असल्यास बाजूला एक कोरा पांढरा कागद धरावा. त्यावरून परतलेला उजेड पानावर पडतो.

रंगाविषयी विशेष दक्षता घ्यावी. नत्र कमी पडल्यास जुनी, खालची पाने प्रथम पिवळी पडतात. लोह कमी पडल्यास नवी, शेंड्याकडील पाने पिवळी पडून शिरा हिरव्या राहतात. भेंडीच्या केवडा रोगात उलट शिराच पिवळ्या पडतात. ही सारी निदाने रंगावर अवलंबून आहेत. दिव्याच्या पिवळ्या उजेडात निरोगी पानही पिवळट दिसते. याउलट, पुष्कळ फोनांत दृश्य ओळखून रंग खुलविणारी "एआय" नावाची सोय असते. ती झाडोरा दिसताच हिरवा रंग अधिक गडद करते. देखाव्याच्या चित्रास हे बरे; परंतु रोगट पानाचा पिवळेपणा त्याने झाकला जातो. पिकाचे चित्र काढताना ही सोय व सर्व फिल्टर बंद ठेवावेत.

छायाचित्र घेण्याची रीत

१. भिंग स्वच्छ सुती फडक्याने पुसावे. बोटांचा तेलकटपणा, घाम व समुद्राकाठची खारट हवा यांनी भिंगावर धुरकट थर बसतो. चित्र धूसर येण्याचे हे सर्वांत साधे व सर्वांत दुर्लक्षित कारण आहे.

२. एका तक्रारीसाठी निदान चार चित्रे घ्यावीत : शेताचा अगर वाफ्याचा भाग, संपूर्ण झाड, पानाची वरची बाजू व पानाची खालची बाजू. मावा, कोळी व पांढरी माशी बहुधा पानाच्या खालीच सापडतात.

३. पानामागे कोरा कागद अगर आपला तळहात धरावा, म्हणजे फोनचे लक्ष मागच्या मातीवर जात नाही. शेजारी मोजपट्टी अगर नाणे ठेवावे. त्यावरून किडीचा आकार कळतो.

४. पडद्यावर रोगट जागी बोट टेकवावे, चित्र स्पष्ट होईपर्यंत थांबावे, कोपर अंगाशी टेकवून श्वास रोखावा व मग बटण दाबावे. वारा असल्यास फांदी दुसऱ्याकडून धरवावी.

५. चित्र पाठविण्यापूर्वी मोठे करून पाहावे. साधारण स्वस्त फोनच्या पडद्यावर ७२० गुणिले १,६००, म्हणजे साडेअकरा लाख ठिपकेच असतात. त्यामुळे संपूर्ण चित्र पडद्यावर नेहमीच सुबक भासते. दोष मोठे केल्यावरच दिसतात.

६. चित्रासोबत पिकाचे नाव व वाण, लावणीची तारीख, दिलेली खते व फवारलेली औषधे अवश्य लिहावीत. उत्तम चित्रही ही माहिती सांगू शकत नाही.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः शेतात उभा राहून पिकाचे छायाचित्र घेतो व पिकाची नोंद करतो. केंद्र सरकारने १५ ऑगस्ट २०२४ रोजी सुरू केलेल्या राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणालीत पाठविलेल्या चित्रावरून संगणक किडीची ओळख पटवितो. माणूस असो वा यंत्र, चित्रात जे उतरलेच नाही ते त्यास दिसणार नाही. म्हणून वरील रीत या कामांसही तितकीच उपयोगी आहे.

फोन विकत घ्यावयाचा असल्यास

ज्यांच्याजवळ चालता फोन आहे त्यांनी केवळ मेगापिक्सेलसाठी नवा घेऊ नये. घेणे भागच असेल तर मुख्य कॅमेऱ्यास आपोआप नेम साधण्याची, म्हणजे ऑटोफोकसची, सोय आहे याची खात्री करावी. सेन्सरचे माप माहितीपत्रकात १/२.७६ अशा अपूर्णांकात दिलेले असते. खालचा आकडा जितका लहान तितके "अंगण" मोठे. कॅमेऱ्यांच्या संख्येवर भुलू नये. दुकानातच वर्तमानपत्राच्या बारीक अक्षरांचे चित्र वीतभर अंतरावरून घ्यावे, व दुसरे दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात घ्यावे. दोन्ही मोठी करून पाहावीत आणि ज्या फोनवर अक्षरे कडेपर्यंत वाचता येतात तो पसंत करावा. ही परीक्षा पाटीवरील आकड्याहून अधिक विश्वासार्ह आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या भागातील शेतकऱ्यांस एकत्र जमवून एकाच पानाची दोन चित्रे, एक दुरून व एक जवळून, काढून दाखवावीत. शक्यतो त्यासाठी जमलेल्यांपैकी सर्वांत साधा फोन निवडावा, म्हणजे फरक फोनचा नसून रीतीचा आहे हे सर्वांस पटेल. पुसलेले भिंग, सकाळचा उजेड, वीतभर अंतर व स्थिर हात या चार गोष्टी विकत घ्याव्या लागत नाहीत. त्या सांभाळल्यास हाती असलेल्याच फोनने पिकाचे वेळीच निदान होईल व अनाठायी फवारणीचा खर्च टळेल.