पावलांची पुंजी

“आता या वयात काय नवे शिकायचे, डॉक्टर?” असे ज्येष्ठ रुग्ण मला विचारतात, तेव्हा मी त्यांना नायजेरियातील एका मुलाची हकिकत सांगतो. त्याने बास्केटबॉल प्रथम हाती घेतला तो पंधरा वर्षांचा झाल्यावर, हे ऐकून बहुतेक जण हसतात. पंधरावे वर्ष म्हणजे का उशीर? परंतु पुढे ज्यांच्याशी त्याला झुंजायचे होते, ते अमेरिकेतील खेळाडू बालपणापासून हा चेंडू घेऊनच वाढलेले होते.

हकीम ओलाजुवॉनचा जन्म १९६३ साली लागोस शहरात झाला. आईवडिलांचा सिमेंटचा व्यवसाय होता. मुलगा फुटबॉलमध्ये गोलरक्षक म्हणून उभा राही आणि हँडबॉल खेळे. गोलरक्षकाला शरीराचा भार सतत या पायावरून त्या पायावर तोलावा लागतो. हँडबॉलमध्ये चेंडू हाती घेऊन तीनच पावले टाकता येतात, तेव्हा प्रत्येक पाऊल मोजून पडते. ही शिदोरी पुढे उपयोगी पडेल, हे तेव्हा कोणाच्या ध्यानी असणार?

नव्या खेळातील त्याच्या आरंभाची एक गोष्ट सांगतात. चेंडू वरून बास्केटमध्ये कसा दाबावा, हे प्रशिक्षकाने खुर्चीवर उभे राहून दाखवले. हकीमही सरळ त्या खुर्चीवर चढू लागला! खुर्चीविना करायचे आहे, हे समजल्यावर मात्र एवढ्या उंच मुलाला पहिल्यांदा ते जमले नाही.

१९८० साली तो अमेरिकेत ह्यूस्टन विद्यापीठात आला. विमानतळावर घ्यायला कोणीही नव्हते. दूरध्वनी केला, तर टॅक्सी करून या, असे उत्तर मिळाले. पहिल्या हंगामात नियमांनुसार खेळण्याची परवानगी नव्हती. दुसऱ्या हंगामात तो बहुधा राखीव खेळाडू म्हणून उतरे. अधिक खेळायला मिळावे यासाठी काय करू, असे त्याने विचारले, तेव्हा प्रशिक्षकांनी त्याला मोझेस मलोनकडे पाठवले. मलोन हा त्या शहराच्या व्यावसायिक संघातील बलाढ्य खेळाडू, वयाने आठ वर्षांनी मोठा. शहरातील एका व्यायामशाळेत तो या नवख्याशी खेळला, तो जराही हात न राखता. धक्के बसत, मुलगा मागे रेटला जाई आणि पुन्हा पाय रोवून उभा राही. परतला तेव्हा त्याचा खेळ पालटला होता. १९८३ मध्ये त्याचा संघ विद्यापीठांच्या अंतिम सामन्यात अखेरच्या क्षणी ५२-५४ असा हरला, तरी स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान त्याला मिळाला. १९८४ साली व्यावसायिक संघांच्या निवडीत पहिले नाव त्याचे पुकारले गेले. मायकेल जॉर्डनचे तिसरे.

प्रतिस्पर्ध्याला एका बाजूला झुकवून क्षणार्धात दुसरीकडे वळण्याची त्याची चाल पुढे जगप्रसिद्ध झाली. तिचे श्रेय तो स्वतः फुटबॉल आणि हँडबॉलला देतो.

मलोनने हात राखला नाही, इथे मी नेहमी थांबतो. कारण मी स्वतः एकदा याच्या उलट वागलो. एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे येत. घरात घसरल्या, सुदैवाने हाड मोडले नाही. मी घाईने सांगून मोकळा झालो, “आता फार हिंडू नका.” त्यांनी माझे शब्द काटेकोरपणे पाळले. मुलगा प्रेमाने हाताला धरून उठवी. काही महिन्यांनी त्या हाताविना खुर्चीतून उठणेच त्यांना जमेना. शरीराचा तोल डोळे, कानातील आतला भाग आणि तळपायांची व सांध्यांची जाणीव यांच्यावर उभा असतो आणि तो सावरतात मांड्यांचे, पोटऱ्यांचे स्नायू. वापरच थांबला, की हे स्नायू लवकर क्षीण होतात. पडण्याची भीती मी औषधासारखी दिली आणि पडण्याचा धोकाच वाढवला.

मग आम्ही खुर्चीपासूनच आरंभ केला. खुर्ची भिंतीला टेकवलेली, चाके नसलेली. पावले जमिनीवर घट्ट, किंचित पुढे झुकून उठायचे आणि सावकाश बसायचे, धपकन नाही. पहिल्या आठवड्यात हातांचा आधार घेऊन चार-पाच वेळा. मुलाने शेजारी उभे राहायचे, हात तयार ठेवायचा, पण ओढायचे नाही. हे त्याला आईपेक्षा जड गेले! आपल्या घरी हे करण्यापूर्वी, उठताना चक्कर येत असेल, तळपाय बधिर वाटत असतील किंवा अलीकडे पडणे झाले असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांना भेटावे आणि चालू असलेली सर्व औषधे सोबत न्यावीत. रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळ्यांनीही तोल जाऊ शकतो.

बाईंना हात न लावता उठायला अडीच महिने लागले. त्या दिवशी त्यांनी मला विचारले, “तुमचा तो उंच मुलगा आता काय करतो?”

मी त्यांना सांगितले, की २००९ साली कोबी ब्रायंटसारखा नामांकित खेळाडू खास पावलांचे धडे घेण्यासाठी त्याच्याकडे गेला होता. ओलाजुवॉन तेव्हा शेहेचाळीस वर्षांचा होता, खेळातून निवृत्त झालेला, आणि मैदानावर उतरून स्वतः करून दाखवत होता.

“मग त्यालाही विद्यार्थी मिळाले तर!” बाई म्हणाल्या आणि पुन्हा एकदा उठून दाखवू लागल्या.