एका गोळीत दोन औषधे

मानसिक आजाराच्या पेशंटबरोबर दवाखान्यात जाण्याचे काम आमच्याकडे वरचेवर येते. कारकुनी पेशामुळे बारीक अक्षरे वाचायची खोड जडलेली, म्हणून गोळ्यांच्या पाकिटाची मागची बाजूही आम्ही वाचतो. स्किझोफ्रेनियाच्या पुष्कळ पेशंटांच्या पाकिटावर दोन नावे असतात : रिस्पेरिडोन आणि ट्रायहेक्सीफेनिडिल. घरच्यांना विचारले की उत्तर मिळते, "डोक्याची गोळी आहे." पण यातले आजारावरचे औषध एकच.

रिस्पेरिडोन मेंदूतील डोपामिनचा प्रभाव कमी करते. त्यामुळे कानात येणारे आवाज, संशय हळूहळू ओसरतात. परंतु शरीराच्या हालचालीही डोपामिनवरच चालतात. म्हणून काहींचे हात थरथरतात, अंग ताठरते, लाळ गळते. हा त्रास आवरण्यासाठी दुसरे औषध जोडलेले असते.

आमच्या वस्तीतील एका तरुणाला नुसते पहिले औषध सुरू झाले. तिसऱ्या दिवशी त्याची मान एका बाजूला वळली ती सरळ होईना. शेजारपाजाऱ्यांनी लगेच निकाल दिला, बाहेरची बाधा! भगताकडे नेण्याची तयारी झाली होती. आम्ही रिक्षात घालून दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी इंजेक्शन दिले आणि अर्ध्या तासात मान सरळ झाली. तो औषधाचा परिणाम होता, भुताचा नव्हे. त्यानंतर त्याला जोडगोळी मिळाली आणि ती त्याला मानवली.

मात्र ट्रायहेक्सीफेनिडिलही निरुपद्रवी नाही. तोंडाला कोरड पडते, शौचास साफ होत नाही, लघवी अडते, नजर धूसर होते. वयस्कर माणसांना विसराळूपणा येतो. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगितलेच पाहिजे. काहीजण नशेसाठीही हे औषध घेतात, तेव्हा पाकीट कुलपात ठेवलेले बरे. हे औषध सरसकट सर्वांना आणि कायम देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच सुचविले होते. तरीही कित्येक घरांत तीच चिठ्ठी वर्षानुवर्षे दुकानदाराला दाखवली जाते.

बंधू-भगिनींनो, हे वाचून कोणी गोळी परस्पर बंद करू नये. आजार उलटतो. विचारावे एवढेच, की यातील दुसरे औषध अजून लागते का? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २२ नुसार उपचार कोणता आणि त्याचे दुष्परिणाम कोणते, हे आपल्याला समजेल अशा भाषेत जाणून घेण्याचा पेशंटला हक्क आहे.

आमच्या ओळखीच्या एका मावशींच्या मुलाने तसे विचारले. आई विसरते, ते वयामुळे असेल, असे घरात सर्वांनी धरून चालले होते. डॉक्टरांनी दोन्ही औषधे वेगळी करून दुसरे हळूहळू कमी केले. पहिले चालूच आहे. रेशनकार्ड कुठे ठेवले आहे, हे आता मावशीच मुलाला सांगतात.