मोतीबिंदूनंतर काचबिंदूचे थेंब

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली, वर्तमानपत्र स्वच्छ दिसू लागले, आणि चार-सहा आठवड्यांनी मधलीच अक्षरे पुसट किंवा ओळी वाकड्या दिसू लागल्या, तर चष्म्याला दोष देत थांबू नका. दृष्टिपटलाच्या मध्यभागी सूज आलेली असू शकते. या तक्रारीचे वर्णन अमेरिकी नेत्रतज्ज्ञ अर्व्हिन यांनी १९५३ मध्येच केले होते.

काचबिंदूसाठी आपण लॅटॅनोप्रोस्ट, ट्रॅव्होप्रोस्ट किंवा बायमॅटोप्रोस्ट घालत असाल, तर शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांना बाटली दाखवावी. झाकणाच्या रंगावरून औषध सांगण्याची आपली सवय इथे कामाची नाही. थेंब घालणाऱ्या मुलाने वा सुनेनेच सोबत जावे. हे थेंब सुजेला हातभार लावतात, अशी शंका आहे; तज्ज्ञांत एकमत नाही. मात्र मधुमेह असेल, पूर्वी डोळ्याच्या आत दाह झाला असेल किंवा शस्त्रक्रियेत भिंगामागचे पातळ आवरण फाटले असेल, तर काही डॉक्टर काही काळ दुसरे थेंब देतात.

स्वतःहून थेंब बंद करणे त्याहून घातक. सूज बहुधा औषधाने उतरते. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. सुजेवरचे स्टेरॉइडचे थेंबही काहींच्या डोळ्यातील दाब वाढवतात, म्हणून ते चालू असताना दाब तपासून घ्यावा. सूज ओसीटी तपासणीत दिसते. त्यात यंत्र डोळ्याला टेकत नाही.