न येणारे आकडे



होमिओपॅथीच्या डॉक्टराने डिजिटल सर्किटवर बोलावे याचे आपल्याला नवल वाटेल. त्याला कारण माझ्या दवाखान्यातील एक घंटा.

इंजिनिअरिंगला असताना माझ्या पुतण्याने रुग्णांचा नंबर दाखवणारी पाटी करून दिली. एका फेरीत ० ते ९ असे दहा रुग्ण. ८ किंवा ९ नंबर लागला की घंटा वाजे आणि कंपाउंडर नव्या रुग्णांना संध्याकाळी यायला सांगे. आकडा चार तारांतून येई. त्यांच्या किमती ८, ४, २ आणि १. तार चालू म्हणजे १, बंद म्हणजे ०. म्हणून ८ हा १०००, तर ९ हा १००१.

या दोन ओळींत फरक फक्त शेवटच्या तारेचा. ती चालू असो वा बंद, घंटा वाजणारच. मग तिला विचारायचे कशाला? ती गाळली. उरली अट: आठाची तार चालू, चाराची आणि दोनाची बंद. सुलभीकरणाचे मर्म एवढेच. जॉर्ज बूल यांनी १८५४ च्या ग्रंथात तर्काचे बीजगणित मांडले. क्लॉड शॅनन यांनी १९३७ च्या प्रबंधात ते विजेच्या स्विचांना लावले. मॉरिस कार्नॉ यांनी १९५३ मध्ये चौकटींचा नकाशा दिला. त्यात घरांचा क्रम ००, ०१, ११, १० असा असतो. त्यामुळे शेजारच्या दोन घरांत एकाच तारेचा फरक राहतो आणि जोड्या नजरेनेच सापडतात.

पुतण्या आणखी पुढे गेला. चार तारांच्या सोळा जुळण्या होतात, आकडे मात्र दहाच. १० ते १५ या सहा जुळण्या येणारच नाहीत, तेव्हा तिथे घंटा वाजली काय, न वाजली काय, सारखेच. त्या सहा घरांत १ मानला की चाराची आणि दोनाची तारही गळते. उरते फक्त आठाची तार. एकही गेट लागत नाही!

दोन वर्षे ठीक चालले. एके दिवशी आठाच्या तारेचा सांधा सुटला. त्या टीटीएल जातीच्या आयसीत सुटलेली तार १ समजली जाते. चौथा नंबर, म्हणजे ०१००, तिथे ११०० झाला, बारा! घंटा वाजली. दम लागलेल्या, लांबच्या गावाहून आलेल्या एक आजी दारातूनच परत गेल्या. चाराची तार विचारली असती, तर त्या नंबराला घंटा वाजली नसती.

एकाची तार आम्ही दोन्ही बाजू तपासून गाळली होती. बाकीच्या दोन ‘असे होणारच नाही’ या भरवशावर गाळल्या. कागदावर दोन्ही गाळण्या सारख्याच दिसतात. पुतण्याने त्या दोन तारा पुन्हा जोडल्या. मीही केसपेपर काढून पाहिले. ‘दुसरे कुठले औषध चालू आहे का?’ हा प्रश्न मी कित्येकांना विचारलाच नव्हता. नसणारच, असे धरून चाललो होतो. आता तो पहिल्या पानावर छापून घेतला आहे.