घाट उतरून नर्मदेकडे

पुण्या-नाशिककडचे पाहुणे दिवाळीत इंदुरास आले की पहिल्या दिवशी राजवाडा पाहतात, रात्री सराफ्यात मनसोक्त खातात, आणि दुसऱ्या दिवशी हमखास विचारतात, ‘तुमच्याकडे चढायला काही नाही का हो?’ सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला माळव्याची काळी, सपाट जमीन पाहून असे वाटणे साहजिकच आहे. त्यांना सांगावे की आमच्याकडे चढायच्या आधी उतरावे लागते.

इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरांवर आहे आणि महेश्वरचा घाट दीडशेच्या आसपास. हा चारशे मीटरांचा फरक महूच्या दक्षिणेस, माळव्याचे पठार जिथे एकदम तुटते आणि खाली निमाड पसरते, तिथल्या विंध्याच्या कडेवर पडतो. गडावर जाताना माणूस ताजातवाना असतो तेव्हा चढतो आणि दमल्यावर उतरतो. इथे सगळे उलटे. सकाळी हसतखेळत उतरलेली मंडळी दुपारी रिकाम्या पाण्याच्या बाटल्या घेऊन उभ्या चढणीकडे पाहू लागतात. म्हणून या भागातली वाट सोपी की अवघड हे ठरवताना तिची लांबी विचारू नये. परतीचा चढ किती आणि वाटेत पाणी कुठे आडवे येते, एवढे विचारावे.

ज्यांना असा उलटा व्यवहार नको त्यांच्यासाठी जानापाव आहे. मानपूरजवळची ही टेकडी ८५४ मीटर उंच असून परशुरामाचे जन्मस्थान म्हणून तिची ख्याती आहे. वरपर्यंत मोटारीचा रस्ता झाल्यामुळे आजीबाईंनाही कुंडाचे दर्शन घडते, आणि ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांनी पायथ्याच्या गावापासून चालत जावे. चंबळ इथेच उगम पावते. शिवाय चोरल, कारम अशा आणखी नद्या, आणि लोक मोजतात त्या एकूण साडेसात! त्यातली अर्धी नदी कोणती यावर गावकऱ्यांचे एकमत होईल असे वाटत नाही. पण टेकडीवर उभे राहून लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की उत्तरेच्या उतारावर पडलेला पाऊस चंबळ, यमुना, गंगा करीत बंगालच्या उपसागराला मिळतो, आणि दक्षिणेकडचा नर्मदेतून अरबी समुद्राला. मुलांना भूगोल शिकवायला याहून चांगली जागा मिळायची नाही. कार्तिकी पौर्णिमेस इथे यात्रा भरते. गर्दी नको असेल त्यांनी तो दिवस टाळावा.

खरी भटक्यांची वाट म्हणजे पाताळपाणी ते कालाकुंड. या घाटाचा इतिहास आपल्या घरचा आहे. खंडवा-इंदूर लोहमार्गासाठी दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, साडेचार टक्के व्याजाने आणि १०१ वर्षांच्या मुदतीने. १८७०च्या दशकात मार्ग बांधला गेला तेव्हा पाताळपाणीपासून खाली चाळीस फुटांत एक फूट असा उतार धरावा लागला आणि बोगदे खोदावे लागले. मीटरगेजची नेहमीची गाडी २०२३ साली बंद पडली. डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झालेली सहलीची ‘हेरिटेज’ गाडी हंगामानुसार धावते, तेव्हा निघण्यापूर्वी स्टेशनवर चौकशी केलेली बरी. लहान मुले आणि वयस्क यांनी गाडीतूनच घाट पाहावा. पाताळपाणीला तंट्या भिल्लाचे देऊळ आहे. निमाडच्या सावकारांना आणि इंग्रज पोलिसांना वर्षानुवर्षे हुलकावणी देणाऱ्या या ‘मामा’ला ४ डिसेंबर १८८९ रोजी जबलपूरला फाशी झाली. त्याला मान द्यायला गाड्या इथे क्षणभर थांबत, असा प्रघात होता.

तरुण मंडळींना रुळांवरून, बोगद्यांतून चालत जायची हौस असते. तो रेल्वेच्या कायद्याने गुन्हा आहे, आणि बोगद्यात गाडी समोर आली तर अंग चोरायला जागा पुरत नाही. गावातला माणूस वाटाड्या म्हणून सोबत घेऊन जंगलाच्या पायवाटेने चोरलच्या खोऱ्यात उतरावे. कालाकुंडला पळसाच्या पानात मिळणारा कलाकंद खावा, आणि चढायची ताकद नसेल तर गाडीने परतावे. त्यात कमीपणा मानू नये.

पाताळपाणीच्या धबधब्याविषयी मात्र थोडे खोलात जाऊन लिहिणे भाग आहे. १७ जुलै २०११ रोजी इथे कुटुंबासह आलेले पाच जण प्रवाहाच्या मधल्या खडकावर उभे होते. पाहता पाहता पाणी वाढले आणि काठावरच्या शेकडो लोकांच्या डोळ्यांदेखत ते कड्यावरून खाली गेले. तिघे दगावले. असे का होते? धबधब्याला येणारे पाणी वरच्या पठारावर गोळा होते. भर पावसाळ्यात तिथली काळी माती पाणी पिऊन तृप्त झालेली असते. मग नवी सर आली की ती जिरत नाही, सगळीच्या सगळी ओढ्यांत उतरते. सर पडते मैलोगणती वर, आणि धबधब्यापाशी ऊन असते. त्यामुळे आभाळ पाहून काही कळत नाही, पाणी पाहावे लागते. निवळ धार गढूळ होऊ लागली, तिच्यावर काटक्या नि पालापाचोळा दिसला, आवाजाचा सूर बदलला, की सामान तिथेच टाकून ज्या काठाला सहज पोचता येईल तो काठ गाठून उंच जावे. पलीकडे चपला राहिल्या म्हणून ओलांडायला जाऊ नये. पायाखालचा कातळ पाण्याने घासून गुळगुळीत झालेला, त्यावर शेवाळ; गुडघाभर वेगवान पाण्यातही पाय टिकत नाही. पावसाळ्यात धबधबा कठड्याच्या अलीकडूनच पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दोर घेऊन कडे चढणाऱ्यांनाही हा कडा मानवणारा नाही. खडक सह्याद्रीसारखाच काळा असला तरी कडेचे थर सुटलेले असतात. ओळखीचा प्रशिक्षक आणि तपासलेला कातळ असल्याशिवाय दोर बांधू नये.

घाट संपूर्ण उतरून जायचे तर महूहून जाम दरवाजाचा रस्ता धरावा. अहल्याबाईंच्या कारकिर्दीतले हे दगडी द्वार माळव्याच्या अगदी काठावर उभे आहे. त्याच्या सज्जातून निमाड दिसते. तिथून मंडलेश्वर, आणि मंडलेश्वरपासून महेश्वर जेमतेम दोन तासांची चाल, जवळजवळ सपाट. परिक्रमावासी, ज्यांत मराठी माणसे पुष्कळ, याच काठाने जातात. ज्यांना डोंगर झेपत नाही त्यांनी ही वाट सकाळच्या थंडीत चालून पाहावी.

महेश्वरला वल्हे हाती धरणाऱ्यांचीही सोय आहे. घाटासमोरचे पाणी संथ, तिथे नावाड्याबरोबर बाणेश्वरापर्यंत जाऊन येणे कुणालाही जमते. थोडे खाली सहस्रधारा आहे. तिथे नर्मदा काळ्या खडकांत फुटून असंख्य धारांनी धावते; सहस्रार्जुनाने हजार हातांनी तिला अडवले तेव्हा ती अशी निसटली, ही कथा प्रसिद्धच आहे. याच खळाळात कयाक आणि कनूच्या शर्यती होतात. २०२३च्या आरंभी ‘खेलो इंडिया’ युवा स्पर्धांतली कनू सलालम शर्यत इथे झाली. पाण्यावर टांगलेल्या हिरव्या कमानींतून प्रवाहाबरोबर जायचे, लाल कमानींतून उलटे वर यायचे. काठीला स्पर्श झाला की दोन सेकंदांचा दंड, कमान चुकली की पन्नास. कयाकमध्ये बसून दोन पात्यांचे वल्हे मारतात, कनूमध्ये गुडघ्यांवर बसून एका पात्याचे. नवख्याने आधी संथ पाण्यात नाव उलटली तर बाहेर कसे यायचे ते शिकावे, मगच इकडे पाहावे.

इथेही पाणी न सांगता वाढते, फक्त कारण निराळे. वरच्या अंगाला ओंकारेश्वर आणि इंदिरा सागर ही धरणे आहेत. वीजनिर्मितीसाठी पाणी सोडले की भर उन्हाळ्यातही खडक बुडू लागतात. एप्रिल २००५ मध्ये देवास जिल्ह्यातल्या धाराजीला यात्रेसाठी जमलेले अनेक भाविक असेच सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. म्हणून सहस्रधारेच्या मधल्या खडकांवर डबे उघडून बसण्यापूर्वी स्थानिक नावाड्यांना आज पाणी सुटायचे आहे का, हे विचारावे. ते ओल्या खडकावरची रेघ पाहून सांगतात.

जाम घाटाचा रस्ता वळणांचा आहे आणि रात्री धुके उतरते. चारच्या आत महेश्वर सोडावे. साड्यांची खरेदी असेल तर ती सकाळीच उरकावी, संध्याकाळी ती उरकत नाही.