धागा राळ धरतो तेव्हा

भोपाळच्या बाग सेवनियाहून होशंगाबाद रस्त्याने शहराकडे निघाले की हबीबगंज नाक्याजवळ ‘अ‍ॅम्प्री’ लागते. १९८१ मध्ये प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळा म्हणून सुरू झालेली ही केंद्रीय संस्था २००७ पासून प्रगत पदार्थ आणि प्रक्रिया संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. घायपातासारख्या नैसर्गिक धाग्यांत राळ भरून लाकडाला पर्याय ठरतील असे संमिश्र पदार्थ करण्यावर इथे मोठे काम झाले आहे.

या कामातली खरी अडचण धाग्याच्या ताकदीची नसते. घायपाताच्या धाग्याला पाणी प्रिय, बहुतेक राळांना ते नकोसे. त्यामुळे दोघांची पकड सैल राहते. भार आला की धागा तुटण्याआधीच राळेतून निसटतो. चिलखती जाकिटांत वापरला जाणारा अतिउच्च रेणुभाराचा पॉलिएथिलीन धागा तर याहून हट्टी. तो विलक्षण मजबूत, पण त्याच्या पृष्ठभागावर राळेला धरायला रासायनिक जागाच नाही.

ही जागा तयार करण्याचे एक साधन म्हणजे थंड प्लाझ्मा. वायूवर पुरेसा विद्युतदाब दिला की इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि प्लाझ्मा तयार होतो. इलेक्ट्रॉनांचे तापमान हजारो अंशांत मोजावे लागते, पण जड रेणू जवळपास खोलीच्या तापमानालाच राहतात. म्हणून नाजूक धागाही जळत नाही. पेटलेल्या ट्यूबलाइटच्या नळीत असतो तो असाच प्लाझ्मा.

प्लाझ्माच्या यंत्राचा एक प्रकार निर्वात कक्षाचा. त्यात धागा ठेवतात, पंपाने हवा काढतात, निवडलेला वायू थोडा सोडतात आणि वीज देतात. दुसऱ्या प्रकारात दोन इलेक्ट्रोडमध्ये काचेसारखा विद्युतरोधक थर असतो आणि नेहमीच्या हवेच्या दाबालाच प्लाझ्मा पेटतो. त्यातून कापड सलग पुढे सरकवता येते, म्हणून गिरणीला हा प्रकार सोयीचा.

वायू बदलला की परिणाम बदलतो. ऑक्सिजन पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल आणि कार्बोक्सिल गट बसवतो, मग पाणी, रंग आणि राळ पसरू लागतात. अमोनियाने अमाइन गट येतात. फ्लोरीनयुक्त वायूने कापड पाणी झटकू लागते. हा सगळा बदल वरच्या काही नॅनोमीटरपुरता असतो. प्रक्रियेची मात्रा बेताची ठेवली तर आतली ताकद शाबूत राहते. अति केली तर धागा झिजतो.

या विद्येत भारतीय नावे ठळक आहेत. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे अनिल नेत्रवली यांनी झेड. एफ. ली यांच्यासह पॉलिएथिलीन धाग्यावर अ‍ॅलिलअमाइन प्लाझ्माचा लेप देऊन राळेशी त्याची पकड तपासली. ते संशोधन १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. मुंबईत घाटकोपरच्या ‘बीटीआरए’ या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेतून एन. व्ही. भट, आर. आर. देशमुख आणि सहकाऱ्यांचा सुती कापडावरील प्लाझ्मा प्रक्रियेचा अभ्यास २०११ मध्ये आला; त्यातही नेत्रवली सहलेखक होते. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेने अंगोरा लोकरीसाठी यंत्र विकसित केले. या लोकरीचे गुळगुळीत केस कातताना सुटतात. प्लाझ्माने त्यांचे घर्षण वाढते आणि सूत नीट वळते.

या प्रक्रियेत पाण्याचे हौद लागत नाहीत, रसायनांचे सांडपाणी जवळजवळ निघत नाही. हा तिचा सर्वांत मोठा गुण. मर्यादाही आहेत. निर्वात यंत्र महाग पडते आणि प्रक्रियेचा परिणाम कायम टिकत नाही. पृष्ठभागावरचे नवे गट हळूहळू आत वळतात, म्हणून पुढचे काम लवकर उरकावे लागते.

त्यामुळे प्लाझ्माचे यंत्र प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात एकटे ठेवून भागणार नाही. ते राळ भरण्याच्या आणि रंगाईच्या कामाला लागूनच बसले पाहिजे. घायपात माळरानावर, कमी पाण्यात येतो. त्याच्या धाग्यावर पाणी न नासवता प्रक्रिया करता आली, तर लाभ शेतकऱ्यापर्यंत पोहोचेल. भोपाळ आणि मुंबईच्या तरुण अभियंत्यांनी सलग चालणारे, दुरुस्तीला सोपे आणि छोट्या कारखान्याला परवडणारे यंत्र घडवायला घ्यावे. त्यामागचे विज्ञान आपल्याकडे तयार आहे.